गुरुवारी या

मास्टरांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळत. एक म्हणजे त्याची कंबर त्याला वाटते तेवढी मोठी नाही, आणि दुसरी म्हणजे गुरुवारी या.

पहिल्या गोष्टीचं असं होतं, की टेप दाखवायची चाळीस आणि मास्टर मोठ्यांदा म्हणायचे, ‘‘एकोणचाळीस.’’ कापताना मात्र चाळीसच धरायचे आणि वर शिवणीत भरपूर माया सोडायचे, म्हणजे पुढेमागे अंग सुटलंच तर उसवून वाढवता यावं इतकं जादा कापड. गिऱ्हाईक खूश, पॅन्ट अंगाला बसतेय, कुणाचं काय बिघडलं? दुसऱ्या गोष्टीत मात्र बऱ्याच जणांचं बिघडे, कारण कुठला गुरुवार ते मास्टर कधी सांगत नसत. त्यांना ‘नाही’ म्हणताच येत नसे. कोट झाला का? गुरुवारी या. बाही आखूड झालीय. गुरुवारी बघू. लोक चडफडत बाहेर पडत आणि पुढचं कापड पुन्हा त्यांच्याकडेच आणत, कारण पॅन्टची दुमड. या दुकानातली दुमड बुटावर अशी काही टेकायची, की माणूस आरशासमोर उगाचच दोन फेऱ्या जास्त मारायचा.

ती दुमड खरं म्हणजे मास्टर घालतच नव्हते. घालत होती त्यांची बायको. दुमडीची खूण करायला गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघ्यांवर बसावं लागतं, आणि मास्टर एकदा खाली बसले की वर येताना टेबल धरत, भिंत धरत, आणि एकदा तर त्यांनी गिऱ्हाइकाचीच पॅन्ट धरली होती. ती कच्च्या दोऱ्यावर होती. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून बायको म्हणाली, ‘‘तुम्ही आपले उभ्यानं मापं घ्या. खालचं मी बघते.’’

मास्टरांना यात काही वावगं वाटलं नाही. वय झालं की सांधे धरतात, सगळ्यांचेच धरतात. वजनाचा तर प्रश्नच नव्हता. लग्नात कंबर छत्तीस होती, आताही छत्तीसच. तेव्हा शिवलेली करडी पॅन्ट अजून अंगाला बरोब्बर बसत होती. एवढा भक्कम पुरावा असल्यावर आरशात कशाला बघायचं? आरसा गिऱ्हाइकांसाठी होता.

मग एका दुपारी, बायको गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेली असताना, मास्टरांना शिंक आली आणि त्या करड्या पॅन्टचं बटण उडून थेट कात्रीवर वाजलं. बटण लावणं हे बायकोचं खातं. पण गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती. मास्टर ट्रायलच्या पडद्याआड गेले, पॅन्ट काढली, सुईत दोरा ओवला आणि ती उलटी केली.

मागच्या मधल्या शिवणीवर, एकीशेजारी एक, जुन्या टिपांच्या भोकांच्या रांगा होत्या. चार. प्रत्येक रांग म्हणजे एकदा उसवलं आणि थोडं वाढवून पुन्हा शिवलं. चौथ्या रांगेनंतर माया संपली होती, तेव्हा पट्ट्याखाली लपेल अशा बेतानं वेगळ्या करड्या कापडाचा एक त्रिकोणी तुकडा जोडला होता. तो कुठल्या कोटाचा उरलेला होता हेसुद्धा मास्टरांनी ओळखलं. टाके तर त्यांनी झोपेतही ओळखले असते.

बायको परत आली तेव्हा ते तसेच, शर्टावर आणि मोज्यांवर, पॅन्ट मांडीवर घेऊन बसले होते.

‘‘हे काय आहे?’’

‘‘पॅन्ट,’’ बायको म्हणाली. ‘‘ती घाला आधी. कुणी येईल.’’

‘‘तू वाढवत होतीस? इतकी वर्षं?’’

‘‘मग? उघडं फिरू द्यायचं होतं?’’

‘‘सांगायचं नाहीस एका शब्दानं?’’

‘‘तुम्ही सांगता गिऱ्हाइकांना?’’

मास्टरांनी विषय बदलला आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. बायकोनं पिशवी टेबलावर ठेवली. गुडघ्यांतली गादी झिजलीय, ती म्हणाली. जमिनीवर बसणं आजपासून बंद. ऐकलं नाही तर काठी, आणि तीही फार लांब नाही. हे तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मास्टरांना ते समजायला वेळ लागला. मग समजलं. तिचे गुडघे त्यांच्या पोटापायी गेले होते. तिनं तसं म्हटलं नाही, पण पॅन्ट मांडीवर होतीच.

‘‘आजपासून तू खाली बसायचं नाहीस,’’ ते म्हणाले.

‘‘आणि दुमडी कोण करणार?’’

‘‘मी.’’

बायको हसली नाही. तिनं फक्त त्यांच्या पोटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

सुरुवातीला मास्टरांनी डोकं लढवलं. आपण खाली जाऊ शकत नाही ना, मग गिऱ्हाइकाला वर घेऊ. पहिला मान वकिलांना मिळाला. वकील म्हणजे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, कंबर आणि आवाज दोन्ही बाबतींत भरघोस. त्यांना स्टुलावरून कापायच्या टेबलावर चढवण्यात आलं. छताचा पंखा बंद करावा लागला, तरी पात्याखाली मान वाकडी करूनच ते उभे राहिले. काचेबाहेर माणसं थबकली. एकीनं हात हलवला, कारण त्या बाईंची केस वकिलांकडेच होती.

‘‘मास्टर, मला इथं शोभेसाठी ठेवलंय का?’’ वकील वरून गरजले.

‘‘सरळ उभे राहा साहेब, दुमड तिरकी जाईल.’’

‘‘सरळ उभा राहिलो तर मान जाईल!’’

दुमड तिरकी गेलीच. दुसऱ्याचीही गेली. आणि प्रत्येक वेळी बायको टाचण्या घेऊन हळूच खाली वाकू लागे, ‘एवढी एकच करते’ म्हणत, आणि मास्टर तिला दंडाला धरून उभी करत. दुमडच गेली तर या दुकानात उरतं काय, फक्त गुरुवार. पोट उतरवल्यावाचून सुटका नव्हती.

मग सुरू झालं ते सगळ्यांचं होतं तेच. उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा, आणि संध्याकाळपर्यंत शिलाई मशीनवरसुद्धा खेकसणारा माणूस. त्यात दुकानाची मागची भिंत बेकरीशी सामाईक. दुपारी चारला बनचा ट्रे बाहेर निघाला की भिंतीतून वास झिरपायचा आणि मास्टरांची कात्री जागच्या जागी थांबायची. आठवडा संपायच्या आत वकिलांच्या नव्या कोटाच्या खिशात बनचा चुरा सापडला. ट्रायलच्या पडद्याआड उभं राहून खाताना बन लपवायला दुसरी जागाच मिळाली नव्हती. बायको नुसती ब्रशनं खिसा झाडत राहिली. त्यांना तिचं बोलणं चाललं असतं.

‘‘मला नाही म्हणताच येत नाही गं,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘कुणालाच.’’

‘‘ते काय मला आज कळलं?’’ बायको म्हणाली.

तोडगा सापडला तो अगदी अवचित. चार वाजले होते, तोंडात टाचण्या होत्या, समोर कापड पसरलं होतं, आणि वास आला. मन म्हणालं, बन. आणि मास्टरांच्या तोंडून, डोकं वर न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं शब्द निघाले, ‘‘गुरुवारी या.’’

बायकोनं काज करता करता वर पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. ‘‘कुणाला सांगताय?’’

‘‘बनला,’’ मास्टर म्हणाले, आणि स्वतःच चकित झाले, कारण बन गेला होता. कुरकुरला, पण गेला. कोट न मिळालेलं गिऱ्हाईक जातं तसाच.

तिथून पुढे मास्टरांची गाडी रुळावर आली. एवढी मोठी विद्या अंगात असताना आपण उगाच नकार शिकत बसलो, हे त्यांना पटलं. क्रीमरोल? गुरुवारी. जेवणानंतरचा केक? जरूर, गुरुवारी. कुणाचा अपमान नाही, कुणाशी भांडण नाही. आणि गुरुवारी जो खरोखर परत आला त्याला माल द्यायचा, हा नियम. तिथं मास्टर पक्के होते, म्हणजे गिऱ्हाइकांशी नव्हते तितके. गुरुवारी चारला ते खुर्चीत बसून विचारत, ‘‘बोला, कोण कोण आलंय?’’ आणि आठवडाभर रांगा लावणाऱ्यांपैकी एखादा क्रीमरोल तेवढा दारात उभा असे. तो ते सावकाश, मिशीला लागू न देता खात.

एकदा वाट सापडल्यावर त्यांनी आणखी खुळं काढली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती लोखंडी टोपी, अंगुस्तान, घालूनच जेवायला बसू लागले. घास घेताना चमच्यावर टणटण वाजे आणि आपण खातोय हे निदान कानांना तरी कळे. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं असेल तर आधी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचा. बहुतेक वेळा दोरा ओवला जाईपर्यंत भूकच कंटाळून जाई. घरातली नाडीची सैल विजार त्यांनी बाद केली आणि बटणाची पॅन्ट घालून जेवू लागले. आणि रोज सकाळी आरशासमोर स्वतःला टेप लावून, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीनं ते म्हणत, ‘‘साहेब, तुमची कंबर चव्वेचाळीस.’’ चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस. पहिल्या सकाळी हे म्हणण्याआधी त्यांनी टेप तीनदा लावून पाहिली होती.

‘‘लोक बघतील तर काय म्हणतील,’’ बायको म्हणायची. पण कंबर थोडी उतरली की तीच करडी पॅन्ट मागून घ्यायची. आधी तिनं तो त्रिकोणी तुकडा काढला. मग चौथी रांग गेली, मग तिसरी. ज्या भोकांतून सुई एकदा बाहेर सरकत आली होती त्याच वाटेनं ती आता आत चालली होती. मास्टर आधी खुर्चीवरून वाकून, मग दोऱ्यांच्या खोक्यावर बसून दुमडीच्या खुणा करू लागले, मग त्याहून बुटक्या खोक्यावर. जमीन अजून बाकी होती. वकिलांना मात्र टेबलावरून उतरवण्यात आलं, तेव्हा त्यांनी पंख्याकडे बघून हात जोडले.

आणि मग एका गुरुवारी चार वाजले आणि कुणीच आलं नाही. बन नाही, केक नाही, क्रीमरोलसुद्धा नाही. मास्टर वाट बघत बसले आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘बघितलंस? तारीख दिली की विसरून जातात बिचारे!’’

बायको बटण लावत होती. दोरा दातानं तोडून म्हणाली, ‘‘विसरत नाहीत हो. यायचं बंद करतात.’’

मास्टर त्यावर हसले. हसतच ते अस्तराचं कापड काढायला स्टुलावर चढले. हेही आताशा जमू लागलं होतं. वरच्या फळीवर, अस्तराच्या गठ्ठ्यामागे, कागदात गुंडाळलेलं निळं कापड होतं. चिठ्ठी नाही, माप नाही. हे कुणाचं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि आठवलं. तिनं ते स्वतः निवडून आणलं होतं. एक पायघोळ ड्रेस शिवाल का मला, असं विचारलं होतं. पुन्हाही विचारलं होतं, त्याच्यानंतरही एकदा. आणि त्यांनी काय सांगितलं असेल ते सांगायला कुणाची गरज नव्हती. घडीवरचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. मास्टर स्टुलावर उभेच राहिले. त्यांना लाज वाटली, नुसती लाज, आणि खाली उतरून तिच्याकडे बघवेना.

‘‘मिळालं का अस्तर?’’ तिनं विचारलं.

‘‘ये इकडे,’’ ते म्हणाले. ‘‘हात वर कर.’’

टेप तिच्या कमरेभोवती गेली आणि मास्टरांनी आकडा मोठ्यांदा म्हटला.

‘‘अहो, एक इंच कमी नाही करायचा?’’

‘‘घरातलं खोटं पुरे झालं.’’

वकिलांचा कोट मागे पडला, दोन पॅन्ट मागे पडल्या. उडालेला रंग शिवणीच्या आत जाईल असं बेतून त्यांनी निळं कापड कापलं. आणि पुढच्या आठवड्यात एका दुपारी दार आतून बंद करून बायकोला आरशासमोर उभं केलं. अंगात ड्रेस, खालची कडा अजून मोकळी. मास्टरांनी टाचण्या तोंडात धरल्या, खोकं पायानं बाजूला सारलं आणि खाली गेले. पार जमिनीपर्यंत, दोन्ही गुडघ्यांवर.

बायकोनं सवयीनं हात पुढे केला होता, तो तसाच हवेत राहिला. मग तिनं खाली पाहिलं.

‘‘अगंबाई,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हाला मागं टक्कल पडलंय.’’

‘‘हं.’’

‘‘मला कधी दिसलंच नाही. मी आपली सदा खाली.’’

मास्टर टाचण्या लावत हळूहळू तिच्याभोवती गुडघ्यांवर सरकत राहिले. वर बघायला त्यांना धीर होईना. डोळे भरून आले होते आणि दुमड तर सरळ जायला हवी होती. अर्धा फेरा झाला तेव्हा ती वरून म्हणाली, ‘‘मग? गुरुवारी येऊ का घ्यायला?’’

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

‘‘हलू नकोस. आजच घालून जायचंय तुला.’’

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर वकील उभे होते आणि कोट, कोट, अशा खुणा करत होते.

‘‘दुकान बंद आहे, साहेब!’’ मास्टर जमिनीवरून ओरडले. ‘‘गुरुवारी या!’’

‘‘अहो मास्टर, आज गुरुवारच आहे!’’

मास्टर गडबडले. पण ज्या बाईनं इतकी वर्षं गिऱ्हाइकांकडे त्यांच्या प्रत्येक गुरुवारची माफी मागितली होती, ती आरशात आपला निळा ड्रेस बघत, मागेही न वळता म्हणाली, ‘‘पुढच्या.’’