चार साड्या आणि बारावी जागा

चार साड्या पिशवीत, पाचवी अंगावर आणि सहाव्या दिवशी तुळशीच्या लग्नाला घरी, असं मनाशी पक्कं करून मी विट्याच्या स्टँडवरून पुण्याची एस.टी. धरली. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, "काकू, कुठं निघाला?" म्हटलं, "सुनेला बास्केटबॉल खेळवायला." त्या खो खो हसल्या. मीही हसले, पण मला मनातून हसू येत नव्हतं.

आमची सून अश्विनी पुण्याच्या एका संघातून खेळते. हौस म्हणून नव्हे, नोकरीसारखं. रीतसर करार, पगार आणि चार महिन्यांचा हंगाम. आज या शहरात सामना, तर आठवड्याने दुसरीकडे. दोन हंगाम गाजवले तिने. मग आमची ओवी झाली आणि दीड वर्ष खेळ बंद पडला. आता ओवी नऊ महिन्यांची, अजून अंगावर पिणारी. संघात बारा जणी लागतात. त्यातल्या अकरा ठरल्या होत्या. बाराव्या जागेसाठी पाटणकर मॅडमनी (या संघाच्या कोच) अश्विनीला सांगितलं होतं, "कर्जतला पाच दिवसांचं शिबिर आहे. शेवटी रविवारी सराव सामना. चारही क्वार्टर पायांवर उभी राहिलीस, तर जागा तुझी. नाहीतर नागपूरची मुलगी फोनची वाट बघत बसलीय."

लेकाला रजा मिळेना, म्हणून ओवीला सांभाळायला मी. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं, तिसऱ्या क्वार्टरला पोरीला धाप लागावी आणि आम्ही तिघींनी गुमान घरी यावं. वैर नव्हतं हो काही. पण तान्ह्या लेकराला चार महिने गावोगाव फिरवायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं. म्हणूनच साड्या मोजून घेतल्या होत्या.

बुधवारी सकाळी पुण्याहून संघाची बस निघाली. एवढ्या उंच बायका मी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. गुडघे पुढच्या सीटला टेकायचे म्हणून सगळ्या तिरक्या बसल्या होत्या. घाट उतरताना गाण्याच्या भेंड्या रंगल्या आणि ड्रायव्हरही "ण"वरून गाणं शोधायच्या नादाला लागला. खोपोलीतून कर्जतकडे वळायचं होतं, ते राहिलं. खालापूर गेलं, चौक गेलं, तरी कुणाला पत्ता नाही. लोधिवलीला चहाला थांबलो तेव्हा कुठे टपरीवरच्या म्हाताऱ्या बाबांनी डोळे उघडले.

"कर्जत? ते मागं ऱ्हायलं. परत चौकाला जावा, तितनं फाटा हाय." मग चहा घेणाऱ्या पोरींकडे मान वर करून बघत म्हणाले, "कंच्या गावच्या रं ह्या?"

"पुण्याच्या," ड्रायव्हर म्हणाला.

"पुन्याचं पानी बरं हाय मंग!"

कर्जतजवळच्या पळसदरीला पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. धरणाच्या अलीकडे एका बंगल्यात उतरायची सोय होती. मागे डोंगर, पुढे पाणी आणि झाडीतून घाटाकडे जाणारी आगगाडी. ओवी प्रत्येक गाडीला हात करायची. बंगल्यातल्या खाटा मात्र आपल्यासारख्या माणसांच्या मापाच्या. मुली आडव्या झाल्या की घोट्यापासून पुढचे पाय हवेत. शेवटी सगळ्या गाद्या जमिनीवर आल्या आणि एका खाटेवर मी नि ओवी ऐसपैस झोपलो.

खरी गंमत गुरुवारी सकाळी झाली. दहिवलीकडच्या रस्त्याला एका शाळेचं सिमेंटचं मैदान शिबिरासाठी मागून ठेवलं होतं. आम्ही चेंडूंची पोती घेऊन गेलो, तर या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत भात पसरलेलं! दोन दिवसांपूर्वीच्या अवकाळी पावसात सापडलेलं, दमट, काळपट पडू लागलेलं. बाजूला पेंढ्याची उडवी (भाताच्या भाऱ्यांची रचून ठेवलेली रास) आणि तिच्या सावलीत एक बाई कमरेला पदर खोचून, हातात खराटा घेऊन उभी.

मॅडमनी हेडमास्तरांना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "मॅडम, मैदान मोकळं असतं म्हणालो होतो, पण तुम्ही विचारलंत श्रावणात. सुगीत ते आमचं नसतं."

बाई खराट्यावर रेलून म्हणाल्या, "दरसाल आमी हितंच वाळत घालतो. आमाला कुनी सांगितलं नाय. आता उचललं तर मोड येतील भाताला. वरीसभर खायचं काय, तुमचा चेंडू?"

मॅडमच्या गळ्यातली शिट्टी नुसती हलली. उत्तर माझ्यापाशी होतं. जन्म रानात गेला माझा. आपल्याकडे ज्वारी, इथे भात, पण ओल्या दाण्याची काळजी तीच. मी ओवीला कडेवर घेतलं आणि पुढे झाले.

"बाई, दिवसातून किती वेळा परतता?"

"चारदा परताया होवं. मी एकटी, दोनदाच होतं."

"या बारा जणी दहादा परततील. तुम्ही फक्त अर्धं मैदान द्या."

त्यांनी बारा जणींच्या पायांकडे बघितलं. "सरी सरळ पडली पायजे हां," म्हणाल्या, आणि ठरलं. त्यांचं नाव सुगंधाबाई.

भात पायांनी परतायचं असतं. पाय न उचलता, घासत चालायचं म्हणजे सरी पडते आणि खालचा ओला दाणा वर येतो. सुगंधाबाईंनी करून दाखवलं आणि मॅडमचे डोळे चमकले. "थांबा! गुडघे वाकवा. आता आडवं सरका. अगं, हा तर डिफेन्स!" झालं. त्या दिवसापासून अर्ध्या मैदानात चेंडू आणि अर्ध्यात भात. दर तासाला शिट्टी वाजली की बारा जणी खाली बसल्यासारख्या वाकून, हात पसरून, खेकड्यासारख्या आडव्या सरकायच्या. रस्त्याने जाणारे टेंपोवाले थांबून बघायचे. एकाने विचारलं, "काकी, ही कुठली मशीन आणली?" सुगंधाबाई म्हणाल्या, "पुन्याची!"

शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) कांद्यावर परतलेली. मी माळकरी, त्यामुळे माझा हात बिरड्यावरच. पण भाकरी काय सांगू! पांढरी, पापुद्र्याची, चावायचीसुद्धा गरज नाही. आपल्या भाकरीचा अभिमान मी त्या दिवशी जरा बाजूला ठेवला. मुलींनी खाऊन खाऊन सुगंधाबाईंच्या भाचीला दोनदा पीठ मळायला लावलं.

शनिवारी दुपारी बाकीच्या पाणी प्यायला बसल्या, तरी अश्विनी एकटीच भातात सरकत होती. या टोकाकडून त्या टोकाला, मग उलटी. चेहरा लालबुंद. मध्येच पोटाला हात लावून थांबायची, ओवीकडे बघायची आणि पुन्हा वाकायची. मी झाडाखाली ओवीला नाचणीचं सत्त्व भरवत होते. सुगंधाबाई शेजारी येऊन टेकल्या.

"लेक का तुमची?"

"सून."

"सुनंच्या पोराला घिऊन आलात? एवढ्या लांब?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खराट्याच्या काड्या नीट करत सहज म्हणाल्या, "मी बी खेळायची. कबड्डी. ह्या पट्ट्यात माझी पकड कुनाला सुटत नव्हती बघा. पैला पोर झाला नि संपलं. त्याला धरून कोन बसनार मैदानाबाहेर?"

रडगाणं नव्हतं ते. पावसाचं बोलावं तसं बोलल्या आणि भात गोळा करायला उठल्या. मला मात्र घास भरवता येईना. ओवी तोंड उघडून वाट बघत होती आणि माझा चमचा वाटीतच. मला माझ्याच मनाची लाज वाटली, अगदी उघड सांगते.

रविवारी चारला सामना. पनवेलकडचा संघ यायचा होता. दुपारी माथेरानच्या अंगाने ढग उठले आणि सुगंधाबाईंचा धीर सुटला. भात खडखडीत वाळलं होतं, आता भिजलं तर सगळं फुकट. मॅडमनी शिट्टी फुंकली. "पोती भरा!" बारा जणी तुटून पडल्या. पनवेलच्या मुली बसमधून उतरल्या, त्यांना वाटलं हा सरावच आहे. त्यांनीही बाह्या सरसावल्या. पाऊण तासात सगळं भात पोत्यांत आणि पोती शाळेच्या ओसरीवर. ढग मात्र नुसतेच गुरगुरून पुढे निघून गेले.

सामना सुरू झाला. कितीही झाडलं तरी दाणे राहिलेच होते. पनवेलची एक धिप्पाड मुलगी पहिल्याच मिनिटाला घसरून बसली आणि बसल्या बसल्या हसत सुटली. मग प्रत्येक क्वार्टर संपला की सुगंधाबाई खराटा घेऊन मैदानात. पंचांनी हात जोडले, "मावशी, आवरा." त्या म्हणाल्या, "तुमी शिट्टी सांभाळा, माझं मी बघते."

पहिले दोन क्वार्टर अश्विनी वाऱ्यासारखी होती. मधल्या सुट्टीत तिने ओवीला पाजलं. तिसऱ्या क्वार्टरला पाय जड झाले. मला दिसत होतं. ती कमरेवर हात ठेवत होती, पास उशिरा जात होता, मॅडम दोनदा हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पाच दिवसांपूर्वी मी नेमकं हेच मागितलं होतं आणि आता मीच तोंडाला पदर लावून म्हणत होते, "ऊठ बाई, पळ गं, पळ!"

आणि चौथा क्वार्टर सुरू होताच ओवीने भोकाड पसरलं. झोपेची वेळ होती तिची. तो सूर अश्विनीच्या कानात शिरला. चेंडू हातात असताना तिने मान वळवली, आमच्याकडे. समोरच्या मुलीने चेंडू हिसकावून नेला. मॅडमनी एका खेळाडूला बाकावरून उठायची खूण केली.

मी काही विचार केला नाही. ओवीला छातीशी धरलं आणि पळत सुटले. या वयात, साडीत, भाताच्या दाण्यांवरून! ओसरी ओलांडली, उडवी ओलांडली, शाळेच्या मागच्या बांधापर्यंत गेले. तिथून मैदान दिसत नव्हतं आणि ओवीचा आवाज मैदानात जात नव्हता. मी मैदानाकडे पाठ करून उभी राहिले आणि तिला थोपटत माझ्या आईचं जात्यावरचं गाणं म्हणू लागले. मागून आरोळ्या येत होत्या. कुणाच्या, कशासाठी, काही कळत नव्हतं. मान वळवायची इच्छा होत होती, पण ओवीचा डोळा लागत आला होता.

लांबलचक शिट्टी वाजली. मग खराटा हातात घेऊनच सुगंधाबाई पळत आल्या.

"ताई! हरलो!"

मी ओवीला सावरत विचारलं, "आणि अश्विनी?"

"ती? ती कशाला हरतेय! मैदानातच हाय शेवटपर्यंत. शेवटाला त्या धिप्पाडीला अशी आडवी सरकून अडवली, अशी! माझ्या भातातली सरी बगा, सरळ!" आणि त्या बांधावर सरकूनच दाखवू लागल्या.

मी मैदानात आले तेव्हा अश्विनी सिमेंटवर उताणी पडली होती. मॅडम तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "काकू, उठणारीला मी परत बसवलं. नागपूरला फोन करत नाही मी." बस, एवढंच. अश्विनीने दोन्ही हात वर केले, मी झोपलेली ओवी तिच्या पोटावर ठेवली आणि मला रडूच कोसळलं. सुगंधाबाई म्हणाल्या, "आता हिला काय झालं गं?"

निघताना त्यांनी आधी भरडून आणलेल्या नव्या तांदळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "बाळाला पेज घाला. आनि सुनंला सांगा, आमचं पोर सांभाळायला कुनी नव्हतं, तिचं हाय." मी त्यांना पुण्याच्या सामन्याला या म्हटलं. "भात झोडून झालं की येते," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या नाहीत. सगळ्या तिरक्या बसून झोपल्या होत्या. खिडकीतून खालापूरकडची कापलेली शेतं मागे पडत होती. अश्विनी माझ्या खांद्याला टेकून हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला वाटत होतं ना, माझी निवड होऊ नये?"

मी मांडीवरच्या ओवीचं दुपटं नीट करू लागले.

"मी तुमची पिशवी बघितली होती. चार महिन्यांच्या हंगामाला चार साड्या!"

मी म्हटलं, "वाटत होतं गं. शुक्रवारपर्यंत वाटत होतं." ती हसली.

तुळशीच्या लग्नाला मी घरी पोचले. अंगणात बायका जमल्या होत्या. "काकू, सामना कसा झाला? शेवटी काय झालं?" सगळ्यांचा एकच गलका. मी म्हटलं, "शेवट मी बघितलाच नाही. मी पाठ करून उभी होते." त्यांना काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही. मंगलाष्टका झाल्या, चुरमुरे वाटले आणि मी आत जाऊन माळ्यावरची मोठी ट्रंक काढली. स्वेटर, ओवीची दुपटी, तांदळाचं गाठोडं आणि साड्या. या खेपेला त्या मोजल्या नाहीत.