मागच्या तुकड्याला रस्ता नाही

ब्रह्मपुरीत आम्ही घर बांधलं तेव्हा त्या लेआउटमध्ये नऊ घरं होती आणि बाकी सगळं गवत. त्याआधी तिथे धानाच्या बांध्या होत्या. मालकाने जमीन अकृषक करून घेतली, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड पुरले आणि तो नागपूरला निघून गेला. पहिल्या पावसाळ्यात चुना वाहून गेला. मग रस्ता कुठला आणि प्लॉट कुठला हे कळेना. बेडकं दोन्हीकडे सारखीच ओरडत.

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होतो. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. रहिवाशांची समिती काढायची ठरली, तेव्हा सचिव व्हायला कोणी तयार नव्हतं. मीही तयार नसल्याचं दाखवलं, पण फार वेळ नाही. सचिव झाल्यावर पहिल्याच सुट्टीत नागपूरला गेलो आणि घरबांधणीच्या नियमांचं पुस्तक घेऊन आलो. सोबत पन्नास फुटी टेप.

तिथून पुढे मी लोकांना नकोसा झालो असणार, पण मला ते दिसत नव्हतं. कोणी घराचा पायवा खोदायला घेतला की मी संध्याकाळी टेप घेऊन हजर. "समोर किती फूट सोडले? बाजूला किती?" पलीकडच्या गल्लीत एका बँकेतल्या कॅशियरने कंपाउंडची भिंत रस्त्यावर सहा इंच पुढे घेतली होती. मी ती त्याला पाडायला लावली. त्या दिवशी जेवताना मी बायकोला दोनदा सांगितलं, की नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, "भाजी घ्या."

आमच्या शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त नर्स राहायच्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, त्यातली बरीच वर्षं आलापल्लीकडे जंगलात काढलेली. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. एकट्याच होत्या. प्लॉट लांबुळका, समोर दोन खोल्या आणि मागे कमरेएवढं गवत. एका सकाळी त्या आमच्या व्हरांड्यात येऊन बसल्या.

"सर, दोन खोल्यांत मी राहतो आन् बाकीच्यात साप राह्यते. मागचा अर्धा प्लॉट विकून टाकाव म्हणतो. तुमाले नियम माहीत हायेत. अर्ज कसा करायचा, सांगा."

लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येत, मदत मागायला कोणी येत नसे. मला भरून आलं. पुस्तक आणलं, चष्मा लावला, पान काढलं. प्लॉटचे दोन तुकडे करायचे तर प्रत्येक तुकड्याला स्वतःचा रस्ता पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"समोरचा रस्ता तुमच्या घराला लागतो," मी म्हणालो. "मागच्या तुकड्याला रस्ता नाही. तेव्हा तुकडा पडत नाही."

"मागून नाई का रस्ता?"

"मागे काही नाही, बाई. मोकळी जागा आहे."

हे सांगताना मी त्याच दिशेला बघत होतो. आमच्या घरामागे पपईची चार झाडं होती, अळूचं आळं होतं, दोडक्याचा मांडव होता आणि त्याच्या पलीकडे आमचं विटांचं संडास-बाथरूम होतं. सिस्टरबाईंनी "बरं" म्हटलं आणि गेल्या.

चार-पाच दिवसांनी एक गृहस्थ बायकोला लुनावर मागे बसवून त्यांच्याकडे आले. एसटी स्टँडजवळ त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. धानपट्ट्यात पंपाची मोटार जळली की आसपासची सगळी गावं त्यांच्याकडे येत. मुसलमान कुटुंब. दोघांनी गवतात उभं राहून मागचा प्लॉट पाहिला, सिस्टरबाईंशी बोलले आणि गेले.

त्याच संध्याकाळी समितीचे तिघेजण माझ्याकडे आले. कोणी काही वावगं बोललं नाही. एकाने विचारलं, "सर, तुमचं पुस्तक का म्हणते?" दुसरा म्हणाला, "आपल्या लेआउटचं एक वातावरण हाये." तिसरा नुसता मान हलवत होता. मी त्यांना चहा दिला आणि नगर परिषदेकडे आक्षेपाचा अर्ज लिहायला बसलो.

अर्जात तीन परिच्छेद होते. पहिल्यात रस्ता नसल्याचं. दुसऱ्यात नळ आणि नाली यांच्यावर पडणाऱ्या ताणाचं. नळ त्या वेळी दिवसाआड यायचा आणि नाली खोदलीच नव्हती. तिसरा परिच्छेद एका वाक्याचा होता. 'अशा विभाजनामुळे वस्तीचे मूळ स्वरूप बाधित होईल.' हे वाक्य मला आपोआप सुचलं होतं आणि मी ते तीन-चारदा मनाशी म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून सात सह्या घेतल्या. कॅशियरनेही केली. आठवी सही बायकोची घ्यावी म्हणून कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो सगळा वाचला.

"स्वरूप म्हंजे का जी?"

"म्हणजे वस्तीचं एकंदर... राहणीमान वगैरे."

"कोरपन्यात त्या घरमालकानं तुमाले का म्हटलं होतं?"

 माझी पहिली नोकरी कोरपन्याच्या शाळेत. माझे वडील वैनगंगेपलीकडच्या एका खेड्यात दुसऱ्याची शेती करत. घराण्यात पगारावर जाणारा मी पहिला. कोरपन्यात खोली पाहिली, आवडली, सामान आणतो म्हणालो. घरमालकाने पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने आडनाव पुन्हा विचारलं. मग भिंतीकडे पाहत म्हणाला, की खोली त्याने पाहुण्यांसाठी ठेवली आहे. पुढचे दोन महिने मी शाळेच्या प्रयोगशाळेत झोपलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायला खिळा मिळेना म्हणून तो मी परीक्षानळ्यांच्या स्टँडला टेकवून ठेवला होता. लग्नानंतर ही हकिगत मी बायकोला इतक्यांदा सांगितली होती की तिला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

"तो विषय वेगळा होता," मी म्हणालो.

"कसा वेगळा?"

मी तिला पुस्तक दाखवलं. तिने पेन कागदावर ठेवलं आणि ती तांदूळ निवडायला आत गेली. मी सात सह्यांनिशी अर्ज नगर परिषदेत देऊन आलो. परत येताना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मला थोडं अस्वस्थ वाटत होतं. मग पोहोच घेतल्याची आठवण झाली आणि बरं वाटलं.

मार्चमध्ये नगर परिषदेचा ओव्हरसियर जागा पाहायला आला. पोरसवदा, नुकताच लागलेला. त्याच्याबरोबर शिपाई आणि गुंडाळलेला नकाशा. सातही सह्यावाले हजर होते. अर्ज माझा, म्हणून मी पुढे.

"अर्ज तर बाईंचा अजून आलाच नाही," तो म्हणाला. "तुमचा आक्षेप आधी आला. पण आता आलोच आहे तर पाहून घेऊ."

सिस्टरबाईंच्या पाण्याच्या टाक्याच्या झाकणावर त्याने नकाशा पसरला. मी खिशातलं पेन काढून वर्गात धरतो तसं धरलं.

"हा समोरचा रस्ता. हा बाईंचा प्लॉट, हा माझा. मागे काही नाही."

"ह्या दोन रेघा कशाच्या, सर?"

प्लॉटांच्या मागून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन समांतर रेघा गेल्या होत्या. मध्ये बारीक अक्षरात रुंदी लिहिलेली. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांना शिकवत होतो. त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढायचो.

"मंजूर रोड आहे," ओव्हरसियर म्हणाला. "पंधरा फुटांचा. त्या टोकाला मेन रोडला मिळतो." मग त्याने मान वर करून रेघा कुठे जातात ते पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. समोर दोडक्याचा मांडव फुललेला होता.

"हे कोणाचं?"

 मग कॅशियर पुढे झाला आणि अगदी मदत करण्याच्या सुरात म्हणाला, "सरांचं हाये."

मला माहीत नव्हतं असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. इथे खरं सांगतो. घर बांधताना मिस्त्रीने मला विचारलं होतं, "सर, हा दगड रस्त्याचा दिसते." मी म्हणालो होतो, रस्ता होईल तेव्हा पाहू. पहिलं वर्षभर ते माझ्या लक्षात होतं. मग दगडावर अळू पसरलं आणि पुढच्या वर्षांत ती मोकळी जागा झाली, मग आमची मागची बाजू झाली. दुसऱ्याचे सहा इंच मला गल्लीच्या टोकावरून दिसत. माझे पंधरा फूट मी रोज सकाळी तांब्या घेऊन ओलांडत होतो.

"रस्ता नाही असं तुमचं म्हणणं आहे," ओव्हरसियर म्हणाला. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "रस्ता आहे, फक्त बंद आहे. मोकळा करून द्यावा लागेल."

नोटीस शाळेत आली. शिपायाने ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला दिली आणि इथे सही करा म्हणाला.

पपया तोडल्या, मांडव काढला आणि संडास-बाथरूम मीच एक गडी घेऊन पाडलं. पाडून झाल्यावर लक्षात आलं, की घरात पाच माणसं आहेत आणि आता संडास नाही. नवीन कुठे बांधायचा याचा विचार मी केलेला नव्हता. कुंपणापलीकडून सिस्टरबाई हे सगळं बघत होत्या.

"माझा हाये नं," त्या म्हणाल्या. "कायची लाज?"

जवळजवळ तीन आठवडे आमचं कुटुंब हातात बादली घेऊन त्यांच्या फाटकातून जात-येत होतं. कोणी पाहू नये म्हणून मी उजाडायच्या आत जायचो. पण त्या दवाखान्याच्या सवयीने माझ्याही आधी उठलेल्या असत आणि अंगण झाडत असत. मी बाहेर आलो की कमरेवर हात ठेवून विचारत, "झालं का साफ, सर?" त्यात टोमणा नव्हता. जन्मभर त्यांनी पेशंटला हेच विचारलं होतं. मी "हो" म्हणून बादली उचलायचो.

ओव्हरसियर येऊन गेल्यावर लगेच सिस्टरबाईंनी अर्ज केला होता. मंजुरी आली, मोजणी झाली, मागचा तुकडा रिवाइंडिंगवाल्याच्या नावावर चढला. त्यांनी पायवा घेतला. एका संध्याकाळी मी पाडलेल्या विटा घमेल्यात भरून आत आणत होतो. ते लुना लावून माझ्याकडे आले.

"सर, माझा मिस्त्री दोन-तीन दिवस रिकामा हाये. पायव्याले पानी मारून राह्यला नुसता. तुमच्याकडे लावून घ्या."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. आतून बायको म्हणाली, "पाठवा जी, भाऊ." झालं.

मिस्त्री आला. कुठून रेघ घेऊ, असं त्याने विचारलं. मी टेप काढली, दोनदा मोजलं आणि मग घाबरून हद्दीपासून आणखी एक फूट आत घ्यायला सांगितलं. त्यामुळे आमचा संडास इतका अरुंद झाला की आत गेल्यावर वळता येत नसे. जसं गेलं तसंच उलटं यावं लागे.

दिवाळीच्या सुमाराला ते कुटुंब राहायला आलं. मागचा रस्ता मोकळा झाल्यावर आमच्या ओळीत आणखी दोघांनी तुकडे पाडले. मी सचिवपदाचा राजीनामा दिला. सभेत तो वाचला आणि पुढचा विषय घेतला.

त्यानंतरची दोनेक वर्षं येता-जाता माझं आणि रिवाइंडिंगवाल्यांचं बोलणं व्हायचं, पाणी आलं का, उकडतं आहे वगैरे. अर्जाचा विषय कधी निघाला नाही. तो मीच काढायला हवा, हे मला कळत होतं आणि मी पुढे ढकलत होतो. मग आमच्या बोअरची मोटार जळली. ती सायकलच्या कॅरियरला बांधून त्यांच्या दुकानात नेली. ते तांब्याची तार गुंडाळत बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं.

"भाऊ, एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "तुम्ही जागा पाहायला आला होतात तेव्हा एक अर्ज गेला होता..."

"हौ. तुमचा." त्यांनी वर पाहिलं नाही. "सिस्टरबाईले प्रत भेटली होती. त्याईनं दाखवला मले."

"वाचलात?"

"पोरीनं वाचून दाखवला."

 ते तार गुंडाळत राहिले आणि गुंडाळता गुंडाळताच बोलले. 

"सर, त्याच्या पयले पाच जागा पाहिल्या आमी. कोनी म्हने भावाले विचारतो. कोनी म्हने आता विकाचाच नाई. कारन कोनी सांगितलं नाई. सिस्टरबाईनं बी नाईच म्हटलं होतं, मागून रस्ता नाई, सर सांगतात म्हने. आमी तं वापस गेलो होतो. मंग तुमी अर्ज केला. कारन लिहून देल्लं. लिहून देल्लं म्हनून साहेब पाहाले आले."

ते हे माझी समजूत घालायला म्हणत होते, की मोटारीत दोष कुठे होता ते सांगावं तसं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी "हो, तसं झालं खरं," असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "मोटार उद्या संध्याकाळी घेऊन जा."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खूप वेळ हसली. मग पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "मंग माफी मांगितली का नाई?"

मागितली नव्हती. इतकं सगळं बोललो, तेवढंच राहून गेलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी गेलो तर दुकानात गडचिरोलीकडचे दोन शेतकरी मोटारी घेऊन उभे होते, धानाच्या रोवणीचे दिवस होते आणि त्यांना रात्रीच्या आत परत जायचं होतं. मी त्या दोघांसमोरच म्हणालो, "भाऊ, त्या अर्जाबद्दल माफ करा. तसं लिहायला नको होतं."

"हौ सर, हौ," ते घाईत म्हणाले. "जरा हे धरा बरं." आणि त्यांनी तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते ताणून धरलं आणि त्यांचं होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.