नवरात्रात घेतलेली हलकी सायकल

आमच्या लहानपणी सायकल घेताना एकच प्रश्न असायचा, लेडीज की जेंट्स. रंग काळा आणि दुकानदार देईल ती. मी पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत बडोद्यात परदेशी रोड बाइकचं दुकान निघालं होतं, आणि त्या दुकानात मी दोन सायकलींच्या मधे उभी राहून महिनाभर डोकं खाजवत होते. एक चढासाठी बनवलेली, हलकी, काटकुळी. दुसरी एरो, म्हणजे वारा कापणारी. तिच्या फ्रेमच्या नळ्या जाड आणि चपट्या, चाकांच्या रिम उंच, आणि वजन किलोभर जास्त. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच होती.

आता बडोद्यात चढ आहे कुठे? रेल्वेवरचे पूल सोडले तर पावागड, आणि तिथे आमचा ग्रुप वर्षातून एकदा जायचा. एरवी दर रविवारी वासण्याहून निघायचं, पादऱ्यात चहा प्यायचा आणि परत यायचं. रस्ता पोळपाटासारखा सपाट. शेंबडं पोरही सांगेल कोणती घ्यायची ते. तरी मी महिना लावला.

खरं तर मला नवी सायकल हवी होती ती नवऱ्यासाठी. ग्रुपात आम्ही दहा-बारा जण, आणि शेवटची नेहमी मी. वारा समोरून आला की मी मागे पडायचे. मग नवरा मान वळवून बघायचा, वेग कमी करायचा आणि माझ्या बाजूला येऊन चालवायला लागायचा. बाकीचे दिसेनासे व्हायचे. आम्ही पादऱ्याला पोहोचेपर्यंत त्यांचा चहा होऊन ते निघायच्या तयारीत असायचे. कॉलेजात या माणसाने सायकलच्या शर्यती मारलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. तेव्हापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करतो, सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. दर रविवारी मी म्हणायचे, "सॉरी, माझ्यामुळे तुझी राइड बुडाली." तो म्हणायचा, "असू दे." ते ‘असू दे’ मला झोंबायचं. मला त्याच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नव्हतं. एका तरी रविवारी त्याने पुढच्यांबरोबर जावं, एवढंच मला हवं होतं.

तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, "एरोच घे." तो रिफायनरीत पंपांची देखभाल बघतो, त्यामुळे समोरच्याला पहिलीपासून शिकवायची त्याला खोड आहे. "सपाट रस्त्यावर वजन फारसं आडवं येत नाही. वारा येतो."

घराण्यात कुणीतरी संस्थानच्या फौजेत घोड्यावर होतं, म्हणून आमच्याकडे वाहन घरात येतं ते दसऱ्यालाच, पूजेत मांडायला. सासऱ्यांनी हे एकदा सांगितलं आणि विषय संपला. त्यामुळे दोन्ही सायकली चालवून बघायच्या त्या नेमक्या नवरात्रात. आणि नवरात्रात बडोद्याचा माणूस रात्री घरी बसत नाही, मग तो मराठी का असेना. घटाला माळ चढवायची, आरती करायची, की चणिया-चोळी घालून ग्राउंडवर. मीही त्यातलीच.

चौथ्या माळेला तीन तास गरबा खेळले आणि सकाळी एरो काढली. पायांत गोळे आले होते. वाटलं, ही कसली वारा कापते, ही तर मलाच कापतेय. सातव्या माळेला अवेळी पाऊस पडला, ग्राउंडवर चिखल झाला, गरबा रद्द. मी दहाला झोपले. सकाळी हलकी घेतली आणि पादऱ्याच्या रस्त्याने उडतच गेले.

"काल तू आराम केलास," नवरा म्हणाला. "तुलना करायची तर दोन्ही वेळेला पाय सारखे हवेत."

"तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही," मी म्हणाले.

दुकानदाराने शेवटचा घाव घातला. "बेन, एक आंगळीए उपाडी जुओ." मी एका बोटावर हलकी उचलली. एरोला दोन बोटं लागली. मला तेवढा पुरावा पुरला.

दसऱ्याला तिला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. सासऱ्यांनीही ती एका बोटाने उचलून बघितली आणि घोडं चांगलं निघेल म्हणाले.

दिवाळीनंतर वारा फिरला आणि पादऱ्याहून परतताना तोंडावर यायला लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी पूर्वीइतकीच मागे पडत होते, आणि नवरा पूर्वीसारखाच मान वळवून मागे येत होता. अशाच एका रविवारी मी शेताच्या कडेला थांबले आणि त्याला म्हणाले, "तू जा पुढे. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. माझ्या चुकीची शिक्षा तुला कशाला?"

तो गेला नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभा राहिला. त्याला चांगलीच धाप लागली होती.

"मला जमत नाही पुढे जायला," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. वारा असला की ते लोक सुटतात माझ्या हातून. तू मागे पडतेस म्हणून मला वळता येतं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. काही नाही, वय झालं म्हणाला."

"मग मला एरो घे म्हणून कशाला सांगत होतास?"

"तू विचारलंस ना. सपाट रस्त्याला एरोच बरी."

मला भयंकर राग आला. तीन वर्षं मी दर रविवारी माफी मागत होते आणि हा माणूस मोठ्या मनाने ‘असू दे’ म्हणत होता. आणि त्याच वेळी दुसरंही लक्षात आलं. मी त्याचं ऐकलं असतं आणि पुढच्यांबरोबर निघून गेले असते, तर या वाऱ्यात हा एकटाच मागे राहिला असता. हे माहीत असूनही त्याने मला एरोच घे म्हणून सांगितलं होतं.

मागून येणाऱ्याला वारा कमी लागतो. मी सायकलवर बसले आणि म्हणाले, "माझ्या चाकामागे ये." तो आला. वासण्यापर्यंत वारा मी अंगावर घेतला, पण रागाने मान मात्र एकदाही वळवली नाही.