एकदाही उघडावा लागला नाही

मिक्सरवाल्या काकांना खोटं बोलता येत नसे असं नाही. नावडत्या नातेवाइकांकडे न जाण्याची कारणं ते झकास रचत. पण यंत्राबद्दल खोटं बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. तीस वर्षं दुकानात मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडून बसलेला माणूस. मोटर जळली असेल तर 'जळली' म्हणायचं, मग गिऱ्हाईक हसो वा रडो.

आणि नेमकं त्यांच्याच वाट्याला हे वाक्य आलं होतं, "पंधरा वर्षं झाली, हा मिक्सर एकदाही उघडावा लागला नाही."

वाक्य लेकीने लिहिलेलं. ती कॉलेजात जाहिराती करायला शिकत होती. तिची पहिली जाहिरात सरांनी 'यात माणसंच नाहीत' म्हणून नापास केली होती. ही दुसरी आणि शेवटची संधी, हुकली की वर्ष गेलं. म्हणून तिने घरचीच माणसं उभी केली. ओट्यापाशी आई, टेबलाशी बाबा आणि मध्ये घरातला जुना मिक्सर. त्यावर 'भिंगरी' असं नसलेल्या कंपनीचं नाव चिकटवलं होतं. कॅमेरा कॉलेजचा, पाचच्या आत परत द्यायचा.

"बाबा, बोला."

"पंधरा वर्षं झाली, हा मिक्सर..." काका अडखळले. "अगं, परवाच तर उघडला मी."

"ते आपल्याला माहीत आहे. बघणाऱ्यांना कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना!"

दुसऱ्या वेळी ते 'एकदाच उघडावा लागला' म्हणाले, तिसऱ्या वेळी 'फारसा नाही'. सातव्या वेळी वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, पण चेहरा असा, की पोलिसांनी कबुलीजबाब घेतलाय. लेकीने नुसतं घड्याळाकडे पाहिलं. पोरीचं वर्ष आपल्या तोंडापायी बुडणार, एवढंच काकांच्या डोक्यात घुमू लागलं.

"पुन्हा घे," ते म्हणाले. "या खेपेला नक्की म्हणतो."

आईने मिक्सरमध्ये साखर घालून बटण दाबलं. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांची मान तिरकी झाली.

"थांब. मोटरचा बुश कोरडा पडलाय, दांडा घासतोय आत."

"काही पडलेला नाही," आई म्हणाली. "तुम्ही वाक्य बोला आधी."

तोवर प्लग निघाला होता, साखरेचं भांडं बाजूला जाऊन मिक्सर पालथा झाला होता आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर हातात आला होता. साडेतीन वाजता हा एकदाही न उघडावा लागलेला मिक्सर टेबलभर तुकड्यातुकड्यांनी पसरला होता. आईने कपाळावर हात मारून घेतला. लेकीला रडावं की ओरडावं कळेना. कॅमेरा बंद करायचंही तिला सुचलं नाही.

काकांना मात्र आता कुणी दिसतच नव्हतं. त्यांनी बुश पुसला, तेलाचे दोन थेंब सोडले, तुकडे जोडले, चालू करून आवाज ऐकला. मग फडक्याने पुसून, हाताला लागलेल्या सवयीने, मिक्सर समोरच्या बाईच्या हातात दिला.

"घेऊन जा, ताई. काही वाटलं तर परत आणा. मी आहेच."

आई क्षणभर बघत राहिली आणि मग अशी हसत सुटली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. "ताई? अहो, सव्वीस वर्षं संसार केला तुमच्याशी! आणि नेऊ कुठे याला?" काका कानापर्यंत लाल झाले, मग तेही हसले. चित्रही हललं, कारण कॅमेरा धरणारीलाही हसू आवरत नव्हतं.

लेकीने जाहिरातीत तेवढेच तीस सेकंद ठेवले. लिहिलेलं वाक्य काढून टाकलं.

चार दिवसांनी दुपारी दुकानात तिचा फोन आला. "सर म्हणाले, यात मिक्सर काही विकला जात नाही. वर्गातले सगळे तुमच्या दुकानाचा पत्ता विचारतायत." मग आवाज एकदम चढला. "पण पास झाले, बाबा!"

इतका आनंद काकांना स्वतःच्या कशानेच कधी झाला नव्हता. "आईला फोन करू नकोस," ते कसंबसं म्हणाले. "मी सांगतो जाऊन."

इस्त्री घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी उद्या यायला सांगितलं, आणि भर तीन वाजता शटर ओढून घराकडे निघाले. ऐकताना बायकोचा चेहरा कसा होतो, तो त्यांना बघायचा होता.