क्रांतीचं तिसरं प्रकरण

क्रांती मूळची नागपूरच्या इंदोऱ्याची. पाली शिकता शिकता चिनी भाषेकडे वळली आणि आता जर्मनीतल्या बॉनच्या विद्यापीठात गेल्या शतकातल्या एका चिनी लेखिकेवर पीएचडी करत होती. त्या बाईंनी जन्मभर दोनच गोष्टींवर लिहिलं, आईची माया आणि लहान मुलांचं निर्मळ मन. मुंग्यांना नावानं हाका मारणारी मुलगी, आई आजारी म्हणून स्वतःही खोटंखोटं खोकणारा मुलगा. पहिल्यांदा वाचताना क्रांतीला चक्क हेवा वाटला होता. तिची आई अंजनाबाई अंगणवाडी सेविका. दिवसभर चाळीस पोरांना गाणी म्हणून दाखवायची आणि घरी आली की गप्प पडून राहायची.

नोव्हेंबरात अंजनाबाई झोपेतच गेल्या. क्रांती नागपूरला गेली, बुद्धवंदनेला बसली, बाराव्या दिवशी परत आली. रडू आलं नाही. विमानात दिलेलं जेवण तिनं संपवलं.

"थोडे दिवस सुट्टी घे ना," उज्ज्वल म्हणाला. तिचा नवरा तो, इथल्या एका टेलिकॉम कंपनीत होता.

"कशासाठी?" तिनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण आई आणि मूल यांच्यावरच होतं. तिनं ते वेळेत लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं, की या कथांमधल्या मुलांना मृत्यू कळत नाही, म्हणून ती निरागस राहतात. मार्गदर्शक प्राध्यापक बाईंनी वाचून परत दिलं. "आल्झो... म्हणजे, चूक कुठेच नाही. पण हे कुणा माणसानं वाचलंय असं वाटत नाही." क्रांतीनं मान डोलावली आणि ट्राम पकडली.

त्या रविवारी दुपारी तिची पाच वर्षांची मुलगी अपूर्वा फोन घेऊन आली. रविवार म्हणजे आजीशी बोलायचा वार. आईवडिलांना ती जर्मनमध्येच उत्तर द्यायची. आजीशी मात्र मराठी, कारण जर्मन कानावर आलं की अंजनाबाई म्हणायच्या, "मले नाय समजत, बाई. नीट बोल."

"आजी गेली ना, अपू. सांगितलंय तुला."

"इश वाइस," अपूर्वा म्हणाली. माहितीये. "लाव तरीपण."

नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. क्रांतीनं नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. नंबर बंद होता. एक बाई तेच मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सांगत राहिली. अपूर्वानं तिचं संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "आजी, माझा दात हलते. हा खालचा. किटामधे, म्हणजे माझ्या अंगणवाडीत, लुकासचा पडला पण माझा नाही पडला. तू मेली म्हणून तुला दिसत नाही, म्हणून मी सांगते." जरा थांबून म्हणाली, "बास. आता ठेवते."

फोन टेबलावर ठेवून ती रंगवायला बसली. क्रांती तिथेच उभी राहिली. आता काहीतरी फुटेल असं वाटून ती वाट पाहत होती. काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली तशी तिनं गॅस बंद केला.

सोमवारी तिनं ते वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, मुलांना मृत्यू कळतो, पण तेवढ्यासाठी ती बोलणं थांबवत नाहीत. प्राध्यापक बाईंनी समासात विचारलं, याला आधार काय? क्रांती दोन दिवस सगळ्या कथा पुन्हा वाचत बसली. एका कथेत मेलेल्या बहिणीला शाळेतला धडा वाचून दाखवणारी मुलगी सापडली. याआधी दोनदा वाचूनही ती आजवर तिच्या नजरेतून निसटली होती. तिनं पानाचा आकडा टाकला.

प्रकरण मंजूर झालं. उज्ज्वलनं केक आणला. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"बरं," ती म्हणाली, आणि अपूर्वाला हलत्या दातासाठी मऊ बाजूचा तुकडा कापून दिला.