तोंड कापलेल्या पिपेटी

टाइपरायटरवर चढवलेल्या कागदाच्या शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. तांत्रिक साहाय्याबद्दल आभार, म्हणून. वर शोधनिबंधाच्या लेखकाच्या जागी एकच नाव, आमच्या प्रयोगशाळेतल्या सीनियरचं. काम दोन वर्षं माझ्या हातून झालेलं. मी कागद वाचला, होता तसा ठेवला आणि बर्फ आणायला गेले. या माणसाला माफ करायचं नाही, हे मी बर्फ फोडता फोडता ठरवलं. अजून ते मोडलेलं नाही.

काम काय होतं ते सांगते. जिवाणूचं गुणसूत्र म्हणजे एक धागा, पण जिवाणूच्या अंगापेक्षा सुमारे हजारपट लांब. तो आत कसाही कोंबलेला नसतो. त्याचे फास केलेले असतात, प्रत्येक फासाला पीळ असतो आणि सगळ्याचं मिळून एक घट्ट गाठोडं होतं. एका जिवाणूचे दोन व्हायची वेळ आली की धाग्याचेही दोन होतात, आणि न गुंतता एक या टोकाला, एक त्या टोकाला जातो. हे कसं जमतं ते त्या काळात नीट कळलेलं नव्हतं. कळण्यासाठी आधी ते गाठोडं न सोडवता बाहेर काढता यायला हवं. जिवाणूचं कवच बर्फावर हळूच विरघळवायचं, भरपूर मीठ घालायचं, आणि हिसका द्यायचा नाही. हिसका बसला की गाठोडं उकलतं आणि नळीत नुसता शेंबूड उरतो.

पहिलं वर्षभर माझ्याही नळीत शेंबूडच असायचा. वडील कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत दोरखंडांच्या कामावर होते, शिक्षण चौथी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एका रविवारी त्यांनी विचारलं, काय बिघडतंय तुझं? मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी जेवता जेवता ऐकून घेतलं.

“दोराचं वेटोळं अरुंद भोकातून ओढलंस तर सुटणारच ते,” ते म्हणाले. “भोक मोठं कर.”

दुसऱ्या दिवशी मी द्रावण ओढून घ्यायच्या काचेच्या पिपेटींची निमुळती टोकं कानशीनं कापली आणि कडा ज्योतीवर धरून गुळगुळीत केल्या. त्याच आठवड्यात साखरेच्या द्रावणाची नळी यंत्रात गरगर फिरवून काढली, तर मध्यावर पांढुरका पट्टा दिसला. अख्खी गाठोडी, एका रेषेत थांबलेली.

सीनियरही मराठीच, पण बालीगंजच्या उच्चभ्रू वस्तीतले, तीन पिढ्या कलकत्त्यात, घरात सगळे शिकलेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना दादा म्हणायची. एरवी ते माझ्याशी इंग्रजी बोलत. मराठी त्यांचं तुटकं होतं, अपमान करण्यापुरतं मात्र अस्खलित. कापलेल्या पिपेटी पाहून म्हणाले, “गोदीतली सवय गं ही. दिसलं की काप.” माझी वही तपासताना त्यांनी रुंद तोंडाच्या पिपेटींची ओळ लाल पेन्सिलीनं खोडली आणि बाजूला सही केली. हे सुतारकाम आहे, विज्ञान नाही, असं वर ऐकवलं.

मग दिल्लीहून एक मोठे शास्त्रज्ञ काम पाहायला येणार असं ठरलं. आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले की पाहुण्यांसमोर जो पट्टा दाखवेल त्याचं काम मानलं जाईल आणि पेपर त्याच्या नावावर जाईल. सरांना टाइपरायटरवरच्या कागदाची कल्पना नव्हती. दादा लगेच म्हणाले, मीच करून दाखवतो. मग माझ्याकडे वळून मराठीत, “तू बर्फ सांभाळ. पाहुण्यांशी बोलायचंय, दोरखंडांशी नाही.”

त्यांनी वही मागितली. मी दिली. तिच्यातलं एक अक्षर मी बदललं नाही. फक्त आदल्या संध्याकाळी माझ्या सगळ्या कापलेल्या पिपेटी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या. एखाद्याला ऐनवेळी सुबुद्धी सुचते. ती जोखीम मला घ्यायची नव्हती.

सकाळी त्यांनी लांब, कोरी, बारीक टोकाची पिपेट उचलली. हात सफाईदार होता, इंग्रजी त्याहून सफाईदार. मी बर्फाची बादली धरून शेजारी उभी. द्रावण पिपेटीत चढताना मी त्यांच्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होते. पिपेट वर उचलली तशी तिच्या टोकाला तार लोंबली. त्यांनी झटकली, तर ती आणखी लांबली. तरी त्यांनी नळी फिरवायला लावलीच. यंत्र थांबलं, सरांनी नळी दिव्यासमोर धरली. पट्टा नव्हता.

“हिची वहीच चुकीची आहे,” दादा म्हणाले.

सरांनी वही मागून घेतली आणि पानं उलटली. लाल रेघेपाशी थांबले. खाली खोडलेली ओळ वाचली, मग सही वाचली. पाहुणेही वाकून बघत होते. सरांनी मला विचारलं, ही ओळ बरोबर आहे का? मी म्हटलं, उद्या सकाळी दाखवते. दादांनी बर्फ धरला तर बरं होईल, मला दोन्ही हात लागतात.

दुसऱ्या सकाळी त्यांनी तो धरला. सरांसमोर नाही म्हणता आलं नाही. मी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि सावकाश सोडली, त्यांना नीट दिसेल अशी. गरजेपेक्षा दुप्पट वेळ लावला. बादलीतलं पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. तासाभरानं नळीत पट्टा होता. पाहुण्यांनी नाव विचारलं, ते मी स्पेलिंगसकट सांगितलं. पेपर माझ्या नावावर गेला.

संध्याकाळी जिन्यात दादांनी गाठलं. “काल सांगता आलं नसतं? आपण दोघंच मराठी इथे.”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

खोटं होतं ते. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या विभागात गेले. निरोपाच्या चहाला मी गेले नाही. तेवढ्या वेळात त्यांचं खिडकीजवळचं टेबल पुसून घेतलं आणि माझं सामान तिथे लावलं.