रेच्यातून निघालेले मास्तर

आमच्या वर्गातले आम्ही दोघं-तिघं अजून अकोल्याच्या बाजारात भेटतो. एकानं नुसतं "आठवते का रे?" म्हटलं, की पिशवीतली मेथी सुकून जाते! घरी बोलणी बसतात, तरी सवय काही सुटत नाही. दर खेपेला एखादा विसरलेला किस्सा कुठून तरी निघतो, आणि ज्याच्या बाबतीत तो घडला तोच म्हणतो, "असं झालंच नाई बाप्पा!"

तर हा वर्ग म्हणजे अकोल्यातला मास्तर तयार करायचा वर्ग. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेला आमच्या कापसाची भूक, आणि इकडं वऱ्हाडात जो तो कापसामागं धावणारा. अशा दिवसांत मास्तर व्हायला निघालेला पोरगा म्हणजे बह्याडच, ठार खुळा! अमरावतीहून निघताना माझा मामा म्हणाला, "चांगली दलाली सोडून शाईत कायले हात घालून राहिला रे?"

आलो मग शाईत हात घालायला, आणि पहिल्याच दिवशी रेच्यात सापडलो.

*

रेचा तुम्हाला माहीत असेल. कापसातली सरकी काढायचं लाकडी यंत्र. हातानं फिरवायचं, दोन लाटांमधून, म्हणजे गोल दांड्यांमधून, रुई पलीकडं जाते आणि सरकी अलीकडंच पडते. आमच्या वसतीत, म्हणजे पोरांच्या राहायच्या जागी, लाटांच्या जागी जुन्या पोरांच्या दोन रांगा, आणि कापसाच्या जागी नवा पोरगा! मधून चालायचं, धक्के खायचे, शेवटी अकोल्याचं खारं पाणी तांब्याभर प्यायचं आणि वर म्हणायचं, "वा, काय गोड!" याला म्हणायचं रेच्यातून काढणं.

भातकुलीचा उत्तम हा रेच्याचा मालक. अंगानं दांडगा, आवाज त्याहून दांडगा. त्याचा सवाल ठरलेला: "कापूस कोनाचा चांगला? तुह्या गावचा का भातकुलीचा?"

आपल्या गावचा म्हटलं, तर "लय गुर्मी आली याले!" म्हणून धक्का. भातकुलीचा म्हटलं, तर "सोताच्या गावाले नावं ठेवतं?" म्हणून दोन धक्के! मी दोन धक्केवाला.

*

बाळापूरचा रहीम आमच्याच बरोबरचा, म्हणजे नवा. मराठी आमच्याहून बरी लिहायचा, भांडायचा मात्र दोन्ही भाषांत. त्याला उत्तमनं सगळ्या जुन्या पोरांची धोतरं धुवायला लावली.

रहीम लागला कामाला. सगळी धोतरं स्वच्छ धुतली, वाळवली, घड्या घालून एकावर एक रचून ठेवली. सकाळी जुनी मंडळी आंघोळ करून आली, तर सगळी धोतरं सारखी पांढरी! "हे माहं!" "हट्, हे माहं!" अशी झोंबाझोंबी लागली. उत्तमच्या वाट्याला जे आलं ते त्याच्या गुडघ्याशीच संपत होतं.

तो रहीमवर धावला. रहीम शांतपणे म्हणाला, "धोने को बोले थे भाई, पैचानने को कब बोले?"

*

हा गोंधळ हेडमास्तर गुरुजींच्या कानावर गेला. गुरुजी पुण्याचे. माणूस देवासारखा, पण मराठी अशी शुद्ध की आम्हाला दुभाषा लागावा! त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि गरजले, "नवागतांचा उपमर्द झाल्यास मजकडे अविलंब रिपोर्ट करावा!"

आम्ही मान डोलावली. बाहेर आल्यावर हिवरखेडच्या नामदेवनं हळूच विचारलं, "उपमर्द म्हंजे काय गा?"

हा नामदेव आमच्यातला सगळ्यांत भिडस्त. रहीमनं विचारात पडल्यासारखं केलं आणि सांगितलं, "पाह्य, मोठे पोट्टे ते मर्द. आपन उपमर्द!"

नामदेवला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू!

*

नामदेवचं सांगतो. त्याच्या घराण्यात अक्षर ओळखणारा हा पहिलाच. गावानं ठरवलं होतं, नामदेव मास्तर होऊन आला तर शाळा काढायची. बाप म्हणाला होता, "अर्ध्यातून आला तर पाटी फोडीन, अन् सरळ वावरात." म्हणजे त्याची शाळा आणि गावची शाळा, दोन्ही या एका भिडस्त पोरावर टांगलेल्या. अन् उत्तमला तोच सापडला! त्याला विहिरीवर मोटेखाली बसवून वरून पाणी सोडायचे. आम्हीही हसायचो आधी आधी. मग हसू येईना.

शेवटी तो रिपोर्ट करायला गेला. मी दाराशी उभा.

"गुरुजी, मले..."

"मले नव्हे. मला."

"मला उत्तमनं इहिरीवर नेलं अन्..."

"विहिरीवर. आणि."

"आणि माह्या डोक्शावर..."

"माझ्या डोक्यावर!"

"माझ्या डोक्यावर," नामदेव म्हणाला.

"शाबास!" गुरुजी खूश. "बघ, मनात आणलं की येतं की नाही?" आणि पाठ थोपटून त्याला बाहेर पाठवलं. व्याकरण सुधारलं, रिपोर्ट पोटातच राहिला.

*

दुसऱ्या खेपेला मी नामदेवला म्हटलं, लांबण लावू नको, एका दमात सांग. त्यानं सांगितलं, "गुरुजी, मला रेच्यातून काढलं!" एकही चूक नाही!

गुरुजी पांढरे पडले. त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बोटं तपासली, पगडी चढवली, आणि थेट कापसाच्या बाजारात. एका शेटजींच्या दारात बाया रेचे फिरवत बसलेल्या. गुरुजी शेटजींवर कडाडले, "माझ्या विद्यार्थ्याला तुम्ही यंत्रात घातलंत?"

शेटजींनी एकदा रेच्याकडं पाहिलं, एकदा गुरुजींकडं. "मास्तर, याच्यातून सरकी जाऊन नाई राह्यली, पोट्टा कसा जाईन?"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ही गोष्ट गुरुजींच्या आधी वसतीत पोचली. मग काय! उत्तम नामदेवला दिसेल तिथं दोन बोटांतली फट दाखवून विचारायचा, "एवढ्यातून गेलता का रे?" रिपोर्ट करून नामदेवचे हाल वाढले होते. राग यायचा हो मला. त्या पोरानं जेवण टाकलं.

*

आणि हा शेवटचा किस्सा. एका सकाळी बघतो तर नामदेवचं गाठोडं जागेवर नाही. मी गुरुजींच्या घरी पळालो. ते पूजेला बसलेले.

"गुरुजी, नामदेव चाल्ला! अर्ध्यातून गेला तर त्याचा बाप पाटी फोडनार हाये!"

गुरुजींनी तोंड उघडलं, सवयीनं. मग मिटलं. आणि उठले ते तसेच. पगडी नाही, अंगरखा नाही! पुण्याचा हेडमास्तर भर बाजारातून उघडा पळतोय, लोक दुकानं सोडून बाहेर आलेले. मागं मी.

कापूस उतरवून अकोटकडं, नामदेवच्या गावच्या वाटेनं, परतणाऱ्या गाडीत नामदेव बसला होता. गाडीवान बैल जुंपत होता. गुरुजी चाक धरून उभे राहिले, दम लागलेला.

"नामदेवा," ते म्हणाले, "तुले काहून जातोस?"

गाडीवान बैलाआड तोंड लपवून हसायला लागला. नामदेव मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "तुले नाई जी गुरुजी. तू काहून चालला."

"बरं. तू काहून चालला?"

"मले..." नामदेव थांबला. गुरुजी काही बोलले नाहीत. "मले इहिरीवर नेते अन्..." पुन्हा थांबला. पुन्हा काही नाही. मग जे सुरू झालं! उत्तमचं नाव, मोट, रेचा, दोन बोटं, सगळं. डोळे पुशीत सांगत होता, गुरुजी मान हलवत होते. मध्येच गुरुजींनी हात वर केला. नामदेव दचकला.

"इहीर म्हणजे विहीर ना?"

"हो जी."

"सांग पुढं. मी शिकून राहिलो."

गाडीवानानं कासरा ओढला. "ए पोट्ट्या, येतं का उतरतं? ऊन चढून राहिलं!"

नामदेवनं गाठोडं खाली टाकलं आणि वरून उडी मारली.

"तुमी जा मामा! गुरुजीले लय शिकवाचं हाये अजून!"